आर मधलं ग्रुप-बाय: सरासरी काढलीत, पण कितींची?

डेटाचं काम करायला बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच जो प्रश्न पडतो तो साधारण असा असतो: एक मोठं टेबल आहे, त्यात एक कॉलम महिन्याचा आहे, दुसरा कसल्यातरी मोजमापाचा आहे, आणि मला दर महिन्याची सरासरी हवी आहे. बस एवढंच. कोणीतरी एका ओळीचा कोड देतं, तो चालतो, पाच महिन्यांचे पाच आकडे येतात, झालं काम. मग ऑफिसमधला दुसरा कोणीतरी तेच काम दुसऱ्या फंक्शनने, म्हणजे ठराविक काम करणाऱ्या दुसऱ्या तयार आज्ञेने करतो आणि त्याचे आकडे वेगळे येतात, आणि दोघांच्याही कोडमध्ये एरर नाही. इथून डोकं फिरायला सुरुवात होते.

हा लेख त्या "एरर नाही पण आकडे वेगळे" वर आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी वाचता येईल, कोड शब्दांतच सांगितलाय आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत.

आर म्हणजे काय, पटकन

आर ही आकडेवारीच्या कामासाठीच बनवलेली प्रोग्रॅमिंग भाषा. तिचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन केंद्रात १९७६ च्या सुमारास सुरू झालेल्या 'एस' नावाच्या भाषेत आहे, आणि आर स्वतः न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतली. १.० व्हर्जन आलं २९ फेब्रुवारी २००० ला. फुकट आहे, कोणीही उतरवून घेऊ शकतं. इतिहास एवढा पुरे.

आर मध्ये टेबलला डेटाफ्रेम म्हणतात. एक ओळ म्हणजे एक नोंद, एक कॉलम म्हणजे त्या नोंदीबद्दलची एक माहिती. आणि पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली फंक्शन्सची पेटी, हवी तेव्हा उघडायची.

वेगळं करा, मोजा, परत जोडा

धुतलेले कपडे दोरीवरून काढून आणले की एकच मोठा ढीग पडतो. मग आपण ज्याचे त्याचे छोटे ढीग करतो, प्रत्येक ढिगात किती शर्ट आहेत ते मोजतो, आणि शेवटी एका कागदावर लिहितो, याचे इतके, तिचे इतके. ग्रुप करून समरी काढणं म्हणजे हेच. आणि हेही बघा, की तेच कपडे माणसाप्रमाणे वेगळे करता येतात, रंगाप्रमाणे करता येतात, धुण्याच्या पद्धतीप्रमाणे करता येतात, कपडे तेच पण ढीग वेगळे आणि कागदावरचे आकडेही वेगळे. कोणत्या कॉलमवर ढीग करायचे हे कॉम्प्युटर ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

आर च्या जगात या तीन पायऱ्यांना नाव देऊन ते नाव रुळवण्याचं काम हॅडली विकम यांनी केलं, २०११ मध्ये त्यांचा यावरचा पेपर आला. पद्धत अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आर च्या मूळ पेटीत टी-अप्लाय आणि ॲग्रिगेट ही फंक्शन्स हेच करतात, आणि २०१४ मध्ये आलेल्या डी-प्लायर पॅकेजमध्ये हे काम ग्रुप-बाय आणि समराइज अशा दोन फंक्शन्समध्ये वाटलेलं आहे. पहिलं ढीग पाडतं, दुसरं प्रत्येक ढिगाची एक ओळ बनवतं.

हे जोडून लिहायला पाइप नावाचं चिन्ह वापरतात, ते वाचताना सरळ "मग" असं वाचायचं: डेटा घे, मग महिन्यावर ग्रुप कर, मग सरासरी काढ. पूर्वी हे चिन्ह पॅकेजमधून यायचं, २०२१ च्या ४.१ व्हर्जनपासून आर चं स्वतःचंही आहे.

एक बारीक गोष्ट, नवख्या लोकांना हमखास चकवणारी. नुसतं ग्रुप-बाय चालवलं तर काहीच झाल्यासारखं दिसत नाही. टेबल तसंच्या तसं, ओळी तेवढ्याच. फक्त वर एक बारीकशी ओळ वाढते की ग्रुप महिन्याप्रमाणे, एकूण पाच. म्हणजे खुणा करून ठेवल्यात, मोजायचं अजून बाकी आहे.

खरा डेटा घेऊन बघू

आर सोबत सरावासाठी काही डेटा आपोआप येतो. त्यातला एक आहे एअर-क्वालिटी, १९७३ च्या मे ते सप्टेंबरमधली न्यूयॉर्कची हवा. रोजची एक ओळ, एकूण १५३ ओळी. हवेतला ओझोन, सूर्यप्रकाश, वारा, दिवसाचं कमाल तापमान फॅरनहाइटमध्ये, महिना, तारीख.

आता महिन्यावर ग्रुप करून ओझोनची सरासरी मागितली की काय येतं? पाचही महिन्यांपुढे एनए. एकही आकडा नाही.

एनए म्हणजे "ही नोंद उपलब्ध नाही". ओझोनच्या कॉलममध्ये १५३ पैकी ३७ जागी एनए आहे आणि प्रत्येक महिन्यात निदान एकतरी आहेच. आर चं म्हणणं असं की ज्या यादीतला एक आकडा मला माहीतच नाही तिची सरासरी मी कशी सांगू. लोक यावर वैतागतात, पण मला विचाराल तर आर मधल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी ही एक आहे. ते तुम्हाला थांबवून विचारतंय की बाबा, इथे भोकं आहेत, काय करायचं?

यावरचा उपाय एका छोट्या सूचनेत आहे, एनए-आरएम बरोबर ट्रू, म्हणजे रिकाम्या नोंदी सोडून उरलेल्यांची सरासरी काढ. ती दिली की आकडे येतात. मे २३.६, जून २९.४, जुलै ५९.१, ऑगस्ट ६०.०, सप्टेंबर ३१.४. छान चढउतार दिसतो, आलेख काढून रिपोर्टमध्ये टाकायचा मोह होतो, आणि बहुतेक लोक टाकतातही.

आता जून उघडून बघा

जूनचे दिवस ३०. त्यातल्या ओझोनच्या नोंदी किती? नऊ. बाकी २१ दिवस एनए. आणि त्या नऊ नोंदी महिनाभर विखुरलेल्याही नाहीत, पहिली ७ तारखेची, शेवटची २० तारखेची, २१ ते ३० या दहा दिवसांत एकही नोंद नाही. म्हणजे "जूनची सरासरी २९.४" हे वाक्य खरं म्हणजे "जूनच्या मधल्या दोन आठवड्यांतल्या नऊ दिवसांची सरासरी २९.४" असं आहे, आणि त्याला शेजारच्या जुलैच्या २६ दिवसांच्या सरासरीबरोबर एकाच रांगेत, एकाच फॉन्टमध्ये बसवलंय. जुलै महिना लागल्याबरोबर पहिल्याच तारखेला ओझोन १३५ आहे. जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत काय चाललं होतं ते आपल्याला या डेटातून कळायचा मार्ग नाही, पण ते २९ च्या आसपासच असेल असं धरून चालायला काही आधारही नाही.

त्यामुळे माझा एक हट्ट आहे, समरीत जिथे सरासरी आहे तिथे तिच्या शेजारच्या कॉलममध्ये ती किती नोंदींवरून काढली ते पाहिजेच. समराइज मध्ये आणखी एक ओळ लिहायची, अर्ध्या मिनिटाचं काम.

पण त्यातही एक खड्डा आहे. मोजायला डी-प्लायर मध्ये एन नावाचं फंक्शन आहे, सगळे तेच वापरतात, आणि ते ग्रुपमधल्या ओळी मोजतं. ओळी! जूनसाठी ते ३० सांगणार, कारण ओळी ३० आहेतच, ओझोनची जागा रिकामी असली म्हणून ओळ नाहीशी होत नाही. मग तुमच्या समरीत सरासरी नऊ दिवसांची आणि शेजारी लिहिलेलं ३०, म्हणजे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट. खरी संख्या हवी तर "ओझोन एनए नाही अशा नोंदी किती" हे वेगळं मोजावं लागतं, इज-एनए फंक्शनचा नकार घेऊन त्याची बेरीज करायची, म्हणजे रिकामी नसलेली प्रत्येक नोंद एक धरून मोजायची. थोडं लांब आहे लिहायला. लिहायचं.

आणि ज्या ग्रुपमध्ये सगळंच रिकामं असेल तिथे? रिकाम्या नोंदी सोडून सरासरी मागितली तर एनएएन असं काहीतरी येतं, म्हणजे शून्य भागिले शून्य, आणि सगळ्यात मोठा आकडा मागितला तर उणे अनंत येतं, सोबत एक वॉर्निंग. हे दिसलं तर घाबरायचं नाही, तो ग्रुप पोकळ आहे एवढाच त्याचा अर्थ.

मग दोघांचे आकडे वेगळे का आले?

आता सुरुवातीच्या त्या भांडणाकडे. याच डेटात आपण ओझोन आणि तापमान दोन्हींची महिन्यावार सरासरी काढू. तापमानाच्या कॉलममध्ये एकही एनए नाही, १५३ च्या १५३ नोंदी आहेत, म्हणजे इथे तरी वाद व्हायला नको.

डी-प्लायर ने काढलं तर मे चं सरासरी कमाल तापमान येतं ६५.५५ आणि जूनचं ७९.१०. ॲग्रिगेट ने, फॉर्म्युला पद्धतीने, म्हणजे "हे कॉलम त्या कॉलमप्रमाणे" असं लिहून, दोन्ही कॉलम एकत्र देऊन काढलं तर मे चं येतं ६६.७३ आणि जूनचं ७८.२२.

कोणाचा कोड चुकला? कोणाचाच नाही. ॲग्रिगेट ची फॉर्म्युला पद्धत काय करते, की दिलेल्या कॉलमांपैकी एकात जरी एनए असेल तर ती अख्खी ओळ आधीच बाजूला काढते, न विचारता, न सांगता. ओझोन नाही म्हणून त्या दिवसाचं तापमानही गेलं. मे महिन्यात असे पाच दिवस गेले आणि उरलेले २६ योगायोगाने थोडे जास्त गरम होते. जूनमध्ये तर तापमानाची सरासरीसुद्धा त्याच नऊ दिवसांची झाली, जे तापमान ३० च्या ३० दिवस व्यवस्थित नोंदवलेलं होतं!

हे कुठे लपवून ठेवलंय असंही नाही, ॲग्रिगेट च्या माहितीपानावर लिहिलेलं आहे. पण माहितीपान कोण वाचतं. दोन्ही पद्धतींना कधीकधी अर्थ असतो, जर तुम्हाला ओझोन आणि तापमानाचा एकमेकांशी संबंध तपासायचा असेल तर दोन्ही नोंदी असलेलेच दिवस घेणं बरोबर आहे. फक्त "मे चं सरासरी तापमान" असं लेबल लावून तो आकडा कोणाला देऊ नका. आणि शेजारी नोंदींची संख्या असती तर २६ आणि ३१ हा फरक पहिल्या नजरेत दिसला असता आणि भांडण पाच मिनिटांत मिटलं असतं.

पण सरासरीच का?

रास्त शंका. मे चेच २६ ओझोनचे आकडे घ्या. सरासरी २३.६. मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो, १८. फरक एवढा का, तर ३० मे ला ओझोन ११५ होता आणि त्या महिन्यातला त्याच्या खालचा सगळ्यात मोठा आकडा ४५. तो एक दिवस काढला तर सरासरी २० च्या किंचित खाली येते. एका दिवसाने महिन्याचा आकडा जवळजवळ चारने वर ओढला.

म्हणून सरासरी वाईट आणि मध्यक चांगला असं काही नाही. एकूण किती ओझोन श्वासात गेला हा प्रश्न असेल तर तो ११५ चा दिवस मोजायलाच हवा, आणि "मे मधला नेहमीचा दिवस कसा होता" हा प्रश्न असेल तर मध्यक जास्त जवळ जातो. समराइज मध्ये दोन्ही एकाच वेळी मागता येतात, पसारा किती आहे ते सांगणारं एस-डी, म्हणजे प्रमाण विचलन, तेही मागता येतं.

फक्त नावं देताना जपा. समराइज मधल्या सूचना वरून खाली क्रमाने चालतात, आणि पहिल्याच सूचनेत तुम्ही सरासरीला ओझोन हेच नाव दिलंत की पुढच्या सूचनेतलं ओझोन म्हणजे मूळ कॉलम राहत नाही, ती नुकतीच काढलेली एकुलती एक सरासरी होते. एका आकड्याचं प्रमाण विचलन निघत नाही, सगळीकडे एनए येतं, आणि माणूस तासभर डेटात एनए शोधत बसतो जे डेटात नसतातच. सरासरी-ओझोन असं वेगळं नाव द्यायचं, प्रश्न संपला.

दोन कॉलमवर ग्रुप केला की आर काहीतरी बडबडतं

सरावाच्या डेटातच दुसरा एक आहे, टूथ-ग्रोथ. ६० गिनी पिग, व्हिटॅमिन सी दोन प्रकारे दिलेलं, संत्र्याच्या रसातून किंवा सरळ ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणून, आणि तीन डोस, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम. मोजलेली गोष्ट, दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी.

नुसत्या प्रकारावर ग्रुप केला तर रस २०.७, ॲसिड १७.०. रस चांगला, विषय संपला? प्रकार आणि डोस दोन्हींवर ग्रुप करा, म्हणजे सहा ढीग, प्रत्येकी दहा प्राणी. छोट्या डोसला रस १३.२ आणि ॲसिड ८.०, मधल्या डोसला २२.७ आणि १६.८, मोठ्या डोसला २६.१ आणि २६.१. मोठ्या डोसला फरकच उरत नाही. एका कॉलमवर थांबलो असतो तर हे कळलंच नसतं.

आता ती बडबड. दोन कॉलमवर ग्रुप करून समराइज चालवलं की डी-प्लायर एक मेसेज देतं, आऊटपुट अजून पहिल्या कॉलमवर ग्रुप केलेलं आहे अशा अर्थाचा. हा एरर नाही. समराइज दर वेळी शेवटच्या कॉलमचा ग्रुप सोडवतं आणि आधीचे ठेवतं. त्रास पुढे होतो, तुम्ही त्याच टेबलवर "एकूणाच्या किती टक्के" काढायला जाता आणि ते एकूणाच्या ऐवजी त्या त्या ग्रुपच्या एकूणाचे टक्के काढून देतं, कारण ढीग अजून मोडलेले नाहीत. शेवटी अनग्रुप लिहायची सवय लावा, किंवा २०२३ च्या १.१ व्हर्जनपासून समराइज मध्येच डॉट-बाय म्हणून कॉलम सांगता येतात, त्यात ग्रुप तेवढ्यापुरताच असतो आणि मागे काही उरत नाही. मी हल्ली हेच सुचवतो. एक फरक लक्षात असू द्या, ग्रुप-बाय ग्रुपांना चढत्या क्रमाने लावतं, डॉट-बाय ते डेटात ज्या क्रमाने पहिल्यांदा दिसले त्या क्रमाने ठेवतं.

आणि उलटी तक्रार, "ग्रुप करूनही एकच ओळ येते". बऱ्याचदा याचं कारण असं असतं की डी-प्लायर नंतर त्याचं जुनं भावंड प्लायर पॅकेज उघडलेलं असतं, त्यातही समराइज नावाचंच फंक्शन आहे, आणि ते या ग्रुपांकडे ढुंकूनही बघत नाही.

प्रत्येक ओळ ठेवायची असेल तर?

तर समराइज ऐवजी म्यूटेट. समराइज एका ग्रुपची एक ओळ करतं, म्यूटेट ओळी तशाच ठेवून प्रत्येकीपुढे तिच्या ग्रुपचा आकडा लिहितं. "हा दिवस त्याच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा किती वर" असं काही हवं असेल तर हे. यापलीकडे त्यात समजण्यासारखं फार काही नाही.

सरासऱ्यांची सरासरी

हे मात्र नीट वाचा, कारण ही गफलत आर न वापरणारेही रोज करतात. एम-टी-कार्स नावाच्या डेटात ३२ गाड्या आहेत, १९७४ च्या एका अमेरिकन मोटार मासिकातून घेतलेल्या. सिलिंडरप्रमाणे ग्रुप करून एका गॅलनमध्ये किती मैल जातात त्याची सरासरी काढली तर चार सिलिंडरच्या ११ गाड्यांची २६.६६, सहाच्या ७ गाड्यांची १९.७४, आठच्या १४ गाड्यांची १५.१०.

आता मूळ डेटा बंद आहे, हातात फक्त ही समरी आहे आणि साहेब विचारतात सगळ्या गाड्यांची सरासरी किती. तीन आकडे मिळवून तीनने भागले तर २०.५०. खरं उत्तर २०.०९. कारण आठ सिलिंडरच्या गाड्या जास्त आहेत आणि त्यांना त्यांच्या संख्येइतकं वजन मिळायला हवं. शेजारी ११, ७, १४ लिहिलेलं असेल तर प्रत्येक सरासरीला संख्येने गुणून, बेरीज करून, ३२ ने भागून खरं उत्तर परत मिळतं. लिहिलेलं नसेल तर मिळत नाही, कितीही हुशार माणूस असला तरी. मध्यकाचं तर आणखी अवघड, ग्रुपांचे मध्यक आणि संख्या दोन्ही असूनही सगळ्यांचा मध्यक निघत नाही, त्यासाठी मूळ आकड्यांकडेच परत जावं लागतं.

ग्रुप बदलला की निकाल उलटतो तेव्हा

आर मध्ये यूसीबी-ॲडमिशन्स नावाचा डेटा आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश, सगळ्यात मोठ्या सहा विभागांचे. अर्ज एकूण ४,५२६.

स्त्री-पुरुष एवढ्यावरच ग्रुप केला तर २,६९१ पुरुषांपैकी १,१९८ ना प्रवेश, म्हणजे ४४.५ टक्के, आणि १,८३५ स्त्रियांपैकी ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. चौदा टक्क्यांचं अंतर, कोणालाही वाटेल की सरळ सरळ भेदभाव आहे.

आता ग्रुपमध्ये विभागही घाला. विभाग ए मध्ये पुरुष ६२ टक्के, स्त्रिया ८२ टक्के. बी मध्ये ६३ आणि ६८. सी मध्ये ३७ आणि ३४, डी मध्ये ३३ आणि ३५, ई मध्ये २८ आणि २४, एफ मध्ये ६ आणि ७. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त, आणि जिथे कमी आहे तिथे फरक तीन-चार टक्क्यांचा. मग एकूणात १४ टक्के आले कुठून?

उत्तर परत संख्येच्या कॉलममध्ये आहे. ए विभागात प्रवेश सोपा, तिथे पुरुषांचे अर्ज ८२५ आणि स्त्रियांचे १०८. बी मध्ये ५६० आणि फक्त २५. उलट सी आणि ई सारख्या कडक विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त, ५९३ विरुद्ध ३२५ आणि ३९३ विरुद्ध १९१. बहुतेक स्त्रियांनी जिथे स्त्री असो की पुरुष, बहुतेकांना नकारच मिळतो तिथे अर्ज केले होते. पी. जे. बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये यावर लिहिलेला पेपर आजही शिकवला जातो. या प्रकाराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या पेपरवरून.

इथे लोक एक घाई करतात, की म्हणजे जास्त कॉलमवर ग्रुप केलं की सत्य सापडतं. नाही हो. स्त्रिया त्या विभागांकडे का वळल्या, ज्या विभागांत त्या जास्त जातात तिथे जागा कमी का, हे प्रश्न ग्रुप-बाय ला सोडवता येत नाहीत. आणि कॉलम वाढवत नेले की ढीग बारीक होत जातात, बी मधल्या त्या ६८ टक्क्यांमागे २५ च अर्ज आहेत, त्यातले दोन इकडचे तिकडे झाले असते तर आकडा आठ टक्क्यांनी हलला असता.

"हे सगळं स्प्रेडशीटमध्ये होतंच की"

होतं. एक्सेल चं पिव्होट टेबल हेच काम करतं आणि पटकन बघायला ते झकास आहे. फरक एवढाच की आर मध्ये काय काय केलं त्याची लेखी ओळ न ओळ मागे राहते, सहा महिन्यांनी नवा डेटा आला की तोच कोड परत चालवायचा, आणि कोणी विचारलं की रिकाम्या नोंदींचं काय केलंत तर कोड दाखवायचा. आणि पिव्होट टेबल सरासरी काढताना रिकामे सेल गुपचूप सोडून देतं, आर सारखं अडून बसत नाही.

"आता एआय लिहून देतो कोड, हे कशाला शिकायचं?"

कोड लिहायला नका शिकू हवं तर. पण एआय ला "महिन्यावार सरासरी काढ" म्हटलं की तो बहुतेक वेळा एनए-आरएम ट्रू घालूनच देतो, कारण त्याशिवाय आकडे येत नाहीत आणि तुम्ही नाराज होता. म्हणजे आर ने अडवून जो प्रश्न विचारला असता तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही. त्यालाच सांगा की प्रत्येक ग्रुपच्या एकूण ओळी किती आणि रिकाम्या नसलेल्या नोंदी किती हे दोन कॉलम पण दे. देतो तो व्यवस्थित.

आणि डेटा-टेबल, डी-प्लायर की मूळ आर?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. डेटा खूप मोठा, कोट्यवधी ओळींचा असेल तर डेटा-टेबल पॅकेज वेगाने काम उरकतं आणि मेमरीही कमी खातं. वाचायला डी-प्लायर सोपं. दुसऱ्याच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर टी-अप्लाय आणि ॲग्रिगेट आहेतच. जे टीममधले बाकीचे वापरतात ते वापरा, वाद घालू नका.

मग लहान ग्रुप सरळ काढून टाकायचे का?

जूनसारखा ग्रुप गपचूप गाळणं मला पटत नाही, ओळ ठेवावी आणि आकड्याच्या जागी "नोंदी अपुऱ्या" असं लिहावं, आणि किती नोंदींखाली अपुऱ्या म्हणायचं ती मर्यादा निकाल बघायच्या आधी ठरवावी, नाहीतर नकोसा आकडा दिसला की मर्यादा हळूच वर सरकते.

माणसांचा डेटा असेल तर लहान ग्रुपचं आणखी एक दुखणं आहे. एका ग्रुपमध्ये एकच माणूस असेल तर त्या ग्रुपची सरासरी म्हणजे त्या माणसाचाच आकडा, पगार असो की आजारपण, आणि गावात, ऑफिसात तो कोण हे ओळखायला वेळ लागत नाही. म्हणूनच आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या अनेक संस्था ठराविक संख्येपेक्षा लहान ग्रुपचे आकडे झाकतात. पण एकच खाना झाकून भागत नाही, खाली एकूण बेरीज छापलेली असते, बाकीचे खाने वजा केले की झाकलेला आकडा बाहेर येतो, त्यामुळे त्याच्या जोडीला आणखी एक खाना, ज्यात तसं लपवण्यासारखं काहीच नसतं, तोही झाकावा लागतो. त्यामुळे अशा टेबलात एखाद्या भल्यामोठ्या ग्रुपपुढेही नुसती फुली दिसली तर डेटा हरवलाय असं लगेच समजू नका.